ओढीचे सूर

"ह्याला ओढ नाही," इलाहीमामा म्हणाले आणि बाजा माझ्या पाटावर परत ठेवला.

सकाळपासूनचा हा सातवा. मी झाकण उघडलं, पत्त्या नखानं छेडून बघितल्या. सगळ्या बोलत होत्या.

"मामा, पहिल्या पन्नास बाज्यांना हीच फट होती."

"मग त्या पन्नासाला कान कुणाचा होता? माझाच न्हवं का? मी सांगतोय ओढ नाही, तर नाही."

"पत्रा बदललाय का काय? आप्पांना विचारू?"

"पत्र्याला कशाला बोल लावतोस? स्वतःचा हात बघ. घण मारायचा हात तुझा. केसाएवढी फट ठेव म्हटलं की म्हशीच्या केसाएवढी ठेवतोस."

मी हसलो. तेही हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना. डोळ्यांतलं पाणी पुसून त्यांनी पेल्यातलं पाणी प्यायलं आणि "तंबाखू कडक आली औंदा" असं म्हणून पुढचा बाजा उचलला.

मिरजेत चौगुले आप्पांच्या कारखान्यात दोन पिढ्या पेट्या बनत होत्या. पेटी म्हणजे हार्मोनियम. त्या वर्षी बाहेरून येणारे माउथ ऑर्गन मिळेनासे झाले आणि आप्पांच्या मनानं घेतलं की हा बाजा आपणच बनवायचा. नाव ठेवलं 'सारंग'. आम्ही त्याला तोंडाचा बाजा म्हणायचो. दहा भोकं आणि आत वीस पितळी पत्त्या. दहा फुंकल्यावर वाजणाऱ्या, दहा श्वास आत ओढल्यावर वाजणाऱ्या. फुंकीचे सूर आणि ओढीचे सूर.

पत्त्या बसवायचं काम माझं. पत्तीचं टोक खालच्या पट्टीपासून जरासं वर ठेवावं लागतं, त्याला आम्ही फट म्हणायचो. फट मोठी झाली की पत्तीला दम जास्त लागतो. फट दाबली की ती हलक्या श्वासालाही बोलते, पण मग जरा जोर लावला की पट्टीला चिकटून बसते आणि मुकी होते. आमची सगळी कारागिरी त्या फटीत होती.

तयार बाजा तपासायचं काम इलाहीमामांचं. इलाही मुजावर तीस वर्षं पेट्यांचे सूर लावत होते. मी लोहाराचा. एका पेटीच्या भात्याची बिजागरी दुरुस्त करायला म्हणून त्या कारखान्यात गेलो, तर मामांनी माझं मनगट धरलं, बोटं उलटीपालटी करून बघितली आणि "बस इथं" म्हणाले. त्याला सात वर्षं झाली होती. माझ्या बायकोला सासरी सूनबाई म्हणणारं पहिलं माणूस तेच.

पेटीला तोंड लावावं लागत नाही. ह्या बाज्याला लावावं लागतं. आप्पा सोवळ्याचे, त्यांना ते फार खटकलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घालून दिला, "एका बाज्याला एकच तोंड. एकानंच तपासायचा, स्पिरिटनं पुसायचा, डबीत घालायचा. दहा जणांनी उष्टा केलेला माल मी विकणार नाही." एकच तोंड म्हटल्यावर ते मामांचं, हे सांगायला नको होतं. उस्तादानं तोंड लावलेल्या बाज्याला मी तोंड लावणं तर रीतीतच बसत नव्हतं. त्यामुळं साडेचारशे बाजे माझ्या हातांनी बनले, पण त्यातला एकही मी ओठांना लावला नव्हता. त्याचं मला कधी काही वाटलंही नाही.

पहिले पन्नास बाजे श्रावणात कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडं गेले आणि लगेच खपले. त्याची मागणी आली, दिवाळीआधी चारशे पाहिजेत. आप्पा खूश. त्या पन्नासातला एक बाजा त्यांनी मागं ठेवून घेतला होता, तो गादीशेजारच्या काचेच्या कपाटात मखमलीवर मांडला.

गणपती उठले आणि मामा माल परत करायला लागले. नेहमी ओढीचेच सूर. मी फट थोडी दाबून बाजा पुन्हा त्यांच्या हातात द्यायचो.

"आता बघा."

ते डोळे मिटून हळू श्वास ओढायचे.

"हां. आता आली ओढ. अशीच ठेव सगळ्यांना."

सगळ्यांना तशी ठेवायचो. आठ दिवस बरे जायचे. मग पुन्हा बाजे परत. पुन्हा फट दाबायची. सुरुवातीला त्या फटीतून पोस्टकार्ड जायचं, दसऱ्याला पतंगाचा कागद अडायला लागला. माझ्या बोटांना ते पटत नव्हतं. पण मामांचा कान म्हणजे आमच्याकडं कायदा होता, आणि माझी बोटं त्यांनीच तयार केलेली.

ते वाळत चालले होते, एवढं मला दिसत होतं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचे आणि कुणी बघितलं तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करायचे. खातूनमामींनी दिलेला डबा अर्धा परत जायचा.

"मामा, जेवत का नाही?"

"रोजे आलेत न्हवं."

"रोज्यांना अजून महिना आहे की."

"सराव करतोय. तुला काय कळतंय, तुम्ही एकादशीलाबी साबुदाण्याचं ताट भरून खाता."

दिवाळीला दहा दिवस राहिले असताना चारशे बाजे डब्यांत भरून, तीन खोक्यांत बांधून कोल्हापूरला गेले. शेवटची डबी मामांनी स्वतः बंद केली आणि म्हणाले, "म्हादू, माल असा झालाय की पोरानं फुंकला तरी वाजंल."

पाचव्या दिवशी तिन्ही खोकी परत आली.

आप्पांनी आम्हा दोघांना गादीवर बोलावलं. त्यांच्या हातात व्यापाऱ्याची चिठ्ठी होती. मला अक्षरं आली पन्नाशीनंतर, तेव्हा येत नव्हती. आप्पांनीच ती वाचून दाखवली. पहिला माल एक नंबर होता. हा माल डबीतून काढला तोच मुका निघाला. गिऱ्हाइकं दुकानात येऊन भांडतात. सगळा परत घ्या, यापुढं पाठवू नका.

"मुका?" मामा म्हणाले. "कसा मुका?"

आप्पांनी एक डबी फोडली. बाजा तांब्यातल्या गरम पाण्यानं धुतला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि तोंडाला लावला. आप्पा तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस, मान अजून बैलासारखी. त्यांनी फुंकलं. फुंकीचे सूर कसेबसे फाटके वाजले. मग श्वास ओढला तर नुसती हवा. फुस्स. एक सूर बोलला नाही. दुसरी डबी, तिसरी डबी. तेच.

"अहो आप्पा, भात्यागत काय फुंकताय? बाजा आहे, चूल न्हवं. द्या हिकडं."

मामांनी तो पुसून घेतला आणि वाजवला. खालच्या सापासून वरपर्यंत गेले, परत खाली आले. वीसच्या वीस सूर लागले, मऊ, स्वच्छ, एकाला एक लागून. कारखान्यात मागं काम करणारी दोन माणसं मान वळवून बघायला लागली.

मी मामांकडं बघत होतो. वाजवताना नेहमी मी खाली बघायचो, बाज्याकडं. त्या दिवशी त्यांच्या छातीकडं बघितलं. सदऱ्याची गुंडी जागची हलत नव्हती. गळ्याखालची दोन्ही हाडं तेवढी वर यायची आणि लगेच खाली जायची. मांजराचं पिल्लू श्वास घेतं तेवढा श्वास. त्याच्यावर ते चारशे बाजे वाजत होते, दुसऱ्या कुणाच्याही श्वासावर वाजत नव्हते.

पत्रा बदलला नव्हता. माझा हातही बदलला नव्हता.

"हे काय गारूड आहे?" आप्पा म्हणाले. "ह्यांना वाजतो, मला वाजत नाही, गिऱ्हाइकाला वाजत नाही. म्हादू, फट किती ठेवलीस?"

"दाबलीय आप्पा."

"पहिल्या पन्नासाएवढीच का नाही ठेवली?"

काचेचं कपाट माझ्यापासून हातभर लांब होतं. आत पहिल्या पन्नासातला तो बाजा. काढायचा, आधी आप्पांना द्यायचा, मग मामांना. आप्पांच्या तोंडी तो घणघणीत वाजला असता आणि मामांच्या तोंडी ओढीचा एकही सूर लागला नसता. मला एक शब्दही बोलावा लागला नसता. माझं काम वाचलं असतं. मामांचं गेलं असतं, आणि नुसतं काम नाही. त्या काळात क्षय म्हटलं की पहिल्यांदा पाण्याचा पेला वेगळा व्हायचा, मग घरमालक जागा सोडायला सांगायचा. मामांच्या मुलीचा, शमाचा निकाह ईदनंतर ठरला होता.

मी मामांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. ते कपाटाकडं बघत होते.

म्हणजे त्यांना कळलं होतं.

"बोल की!" आप्पांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं दाबायला?"

"कुणी नाही. माझ्याच हातनं झालं."

"आणि इलाहीभाई, तुम्ही कसा पास केलात?"

मामांनी बाजा हातातल्या फडक्यात गुंडाळला. पुन्हा उलगडला.

"मला वाजत होता आप्पा. मी काय म्हणणार?" मग म्हणाले, "पोराचा हात अजून कच्चाय."

सात वर्षांत मला त्यांनी घण्या म्हटलं होतं, रेड्या म्हटलं होतं, लोहाराच्या ऐरणीवर आपटून तुझं डोकं सरळ करतो असं म्हटलं होतं. कच्चा कधी म्हटलं नव्हतं. आमच्या कामात ती शिवी असते.

आप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "दिवाळी घरी कर, आणि मग दुसरीकडं बघ," एवढंच म्हणाले. मी माझी कानस आणि चिमटा उचलला. जिना उतरताना मला वाटत होतं की मामा मागून हाक मारतील. मधल्या पायरीवर मी थांबलोही. वरून ठसक्याचा आवाज आला, हाक आली नाही.

मी स्टेशनकडच्या रस्त्यावर चुलतभावाच्या भट्टीवर जायला लागलो. बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, विळे, कुदळी. मिरजेत वाद्यांचे जेवढे कारखाने होते तेवढ्यांत दोन दिवसांत बातमी पोचली होती की म्हादू लोहारानं चारशे बाजे नासवले. मला कुणी पत्तीला हात लावू देईना. बायको म्हणाली, "मामांना सांगा की शब्द टाकायला." मी तिच्या अंगावर खेकसलो. तिला काय झालं ते मी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. सुरुवातीला गप्प राहिलो ते मामांसाठी. मग रोज भट्टीपुढं बसून ते 'कच्चाय' आठवायला लागलं, आणि गप्प राहणं तेच असलं तरी ते कुणासाठी होतं हे मला नीट सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, दुपारचं मामा भट्टीवर आले. ऊन होतं तरी गळ्याला मफलर. भाऊ जेवायला गेला होता. मी एकटाच होतो. ते दारातल्या दगडावर बसले आणि बराच वेळ नुसता दम खात राहिले.

"पाणी देऊ?"

"रोजा आहे."

मी भाता हाणत राहिलो.

"नव्या माणसानं सगळ्या फटी परत उघडल्या," ते म्हणाले. "माल खपला."

"वाजला का तुम्हाला?"

त्यांनी मफलर घट्ट केला. नव्या कारागिराला मामा एकदाही 'ओढ नाही' म्हणाले नाहीत, नुसते फुंकून बाजे पास करतात, असं माझ्या कानावर आलं होतं.

"कपाटातला बाजा तू काढला नाहीस," मामा म्हणाले.

"नाही."

"का रं?"

"आप्पांनीच सांगितलंय, एका बाज्याला एकच तोंड."

ते हसायला गेले आणि खोकला आला. भिंतीकडं तोंड करून खोकले. रुमाल तोंडाला लावला, घडी घातली आणि खिशात टाकला. घाईनं टाकला, पण मला दिसायचं ते दिसलं. लोखंड तापून कुठला रंग धरतं ते दुरून ओळखायचा माझा धंदा, मला लाल रंग कळत नाही असं नाही.

"म्हादू," ते म्हणाले, "घरात बोलायची सोय नाही. मामी रडती, आणि शमाच्या सासरी कळलं तर ते पाऊल मागं घेतील. डाक्टरकडं गेलो तर गल्ली बघती. बरं, असंबी असंल की काही नसंल. नुसती तंबाखू असंल."

मी लोखंड फिरवलं.

"तुझा कान माझ्या हाताखाली तयार झालाय. जरा ऐक. आणि काय वाटतं ते मला सांग. तू सांगशील तसं करतो."

ते उठले आणि माझ्याजवळ आले. इतके जवळ की मफलरचा कापराचा वास आला. तोंड उघडून त्यांनी जेवढा ओढता येईल तेवढा श्वास आत ओढला, पत्ती तपासायला धरावी तसा, आणि सोडला. पुन्हा ओढला. माझ्या डाव्या हाताला भाता होता. भात्याचं कातडं आतून फाटलं की तो कसा ओढतो ते मला जन्मापासून माहीत आहे. वारा भरतो असं वाटतं, पण भरत नाही, कुठंतरी आतच सुरसुरत निघून जातो. तसाच आवाज होता. शंकाच नव्हती.

मामा माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. पत्ती लावून त्यांच्यापुढं धरली की मी त्यांच्या तोंडाकडं तसाच बघायचो.

मी म्हणालो, "मला काय कळतंय मामा? माझा हात कच्चा, तसा कानबी कच्चाच."

ते थांबले. मी आणखी काहीतरी बोलेन म्हणून थांबले असतील. मी सांडशीनं लोखंड उचललं, ऐरणीवर ठेवलं आणि घण मारायला सुरुवात केली. जोरानं मारत होतो. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येणार नव्हतं. घण खाली ठेवला तेव्हा ते दारात होते.

"बरं," ते म्हणाले. "निकाहाला सूनबाईला घेऊन ये."

मी गेलो नाही. बायको एकटी जाऊन आली. म्हणाली, मामांनी सगळ्यांना हातानं शिरखुर्मा वाढला, उभेच होते, फार खूश होते.

माघात ते गेले. छातीच्या दवाखान्यात तेरा दिवस होते, त्यातले शेवटचे चार बोलत नव्हते. मला कळलं ते दफन झाल्यावर.

तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो. बाहेरच्या खोलीत सतरंज्या होत्या, माणसं येऊन गेलेली. खातूनमामी आतल्या उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. शमा सासरहून आली होती, तिनं मला पाणी आणून दिलं. आप्पा सकाळी येऊन गेले होते म्हणे.

"बस म्हादू," मामी म्हणाल्या. "किती महिन्यांनी आलास."

मी बसलो.  मामी माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

"डाक्टर म्हणाले, दिवाळीच्या सुमाराला आणलं असतंत तर उठून चालत घरी गेले असते. इंजेक्शनं आहेत म्हणे आता, गोळ्या आहेत. लोक बरे होतात. मला काय माहीत? मी घरातली बाई. माझ्यापुढं ते हसून दाखवायचे. तंबाखू म्हणायचे, थंडी म्हणायचे, मी मान डोलवायची."

"मामी, आता..."

"नाही, मला विचारू दे. कुणालातरी विचारू दे." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि काढला. "तू सात वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलास. तू कारखाना सोडलास तेव्हा त्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. म्हणायचे, म्हादूसारखा कान मिरजेत दुसरा नाही, माझ्यापेक्षा त्याला जास्त ऐकू येतं. खरं सांग मला. तुला त्यांच्या छातीत कधी काही ऐकू आलं नाही?"

शमा दारात उभी राहिली होती. तिच्या नखांवरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती.

"नाही मामी," मी म्हणालो. "कधीच नाही."

मामींनी मान हलवली. मग पुढं वाकून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुला कळलं असतं तर तू त्यांना तसं जाऊ दिलं नसतंस."